नजर लांब, पाय हलका

मंडळी, दारात चारचाकी येते तो दिवस घरात सणासारखा असतो. कांद्याला कधी नव्हे तो भाव लागतो, किंवा उसाचे बिल एकदम हाती येते, धाकट्याचा दोन वर्षांचा हट्ट पुरा होतो आणि जुनी का होईना, मोटार अंगणात उभी राहते. चाकांखाली लिंबे ठेवतात, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक निघते, नारळ फुटतो. म्हातारी मंडळी मागच्या सीटवर बसून गावातल्या गावात एक फेरी मारून घेतात. मग कोणीतरी विचारते, "चालवणार कोण?" त्यावर ठरलेले उत्तर येते, "त्यात काय शिकायचंय? पोरगं आठवीपासून ट्रॅक्टर चालवतंय!"

मलाही असेच वाटत असे. माझे लहानपण ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून गेले. पुढे नोकरीपायी सावेडीत घर केले. सावेडी हे एके काळी नगर शहराबाहेरचे खेडे, आता शहराचे भले मोठे उपनगर झाले आहे. २०२४ पासून शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण बोलण्यात जुन्या सवयीने नगरच येते, म्हणून इथेही तसेच लिहितो. सावेडीतून मनमाड रस्ता धरला की नागापूरची एम.आय.डी.सी., विळद घाट, कृषी विद्यापीठ, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी, कोपरगाव. सारा उसाचा मुलूख. तुमच्यापैकी पुष्कळांचा हा पायाखालचा रस्ता असेल.

जानेवारीतली गोष्ट. कोल्हारच्या बाजूला बहिणीकडे भाच्याचा साखरपुडा होता. निघायला उशीर झाला. शेजारच्या सीटवर आमच्या गल्लीतले मामा बसले होते. मामा म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. राहुरी मागे पडली तेव्हा अंधार पडून तासभर झाला होता. रस्ता मोकळा दिसत होता, काटा पंचाहत्तरवर होता. समोरून एक ट्रक फुल लाईट टाकून आला आणि क्षणभर पुढचे सगळे पांढरे झाले. मामा एवढेच म्हणाले, "पाय उचल."

मी पाय उचलला, पण रेंगाळतच. ट्रक बाजूने निघून गेला आणि समोर उभी उसाची भिंत! भरलेली टायरगाडी. ना दिवा, ना लाल काच, ना काही. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागच्या सीटवरचा लाडवांचा डबा उडून माझ्या खांद्यावर आदळला. गाडी थांबली तेव्हा मध्ये चार हात अंतर उरले होते. उसावर वाढ्यांची मोळी होती आणि त्या मोळीच्या खळग्यात गोधडीत गुंडाळलेले एक पोर झोपले होते. बाप बैलांपाशी. आई कडेने चालत होती. तिने वळून दिव्यांकडे पाहिले, पदर डोक्यावर ओढला आणि पुन्हा चालू लागली. तिला ते रोजचेच असावे.

साखरपुड्यात मी काय जेवलो ते मला आठवत नाही.

मामा त्या रात्री मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आले, कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडायला बसले आणि मलाही बसवले. तोच हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण गाडी चालवण्याबद्दलच्या सगळ्या सूचना एकीकडे आणि हा हिशेब एकीकडे.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ताशी ८० म्हणजे २२ मीटर. डोळ्याने पाहिले, मनाने ओळखले, पाय उचलून ब्रेकवर ठेवला, एवढ्याला चांगल्या सावध माणसालाही एक ते दीड सेकंद जातो. तेवढा वेळ गाडी आपल्याच वेगाने पळत असते. त्यानंतर ब्रेक लागतो. साठच्या वेगाला कोरड्या डांबरीवर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत अंदाजे २० मीटर जातात. वेग दुप्पट केला तर हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. पोरांना शाळेत शिकवतात तेच गणित आहे हे. म्हणजे साठला दोन्ही मिळून ४५ मीटर धरा. माझ्या पंचाहत्तरच्या वेगाला साठाच्या वर. आता दुसरी बाजू पाहा. डिपरवर असलेल्या दिव्याचा कामाचा उजेड ४०-५० मीटरच पडतो. याचा अर्थ, मी दिसत होते त्यापेक्षा लांब जाऊन थांबणारी गाडी चालवत होतो. टायरगाडी दिसली तेव्हा ती मला चुकवता येणार होती की नाही, हे मामांच्या "पाय उचल" या दोन शब्दांवर ठरले होते.

मामा म्हणाले, "जेवढं दिसतंय तेवढ्यातच गाडी थांबली पाहिजे. थांबत नसंल तर काटा खाली आण. बाकी सगळं पुस्तकात आहे."

या मामांच्या खात्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मोटार चालवण्याची विद्या आपल्याकडे खेड्यात कोणी नेली असेल तर ती एस.टी.ने. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर. ड्रायव्हर होते किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे. आपल्या नगरच्या नशिबात हा पहिला मान आला. तेव्हापासून एस.टी.त ड्रायव्हरचे दोन हिशेब ठेवले जातात. एक अपघाताचा, दुसरा डिझेलचा. दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली ते डेपोत मांडतात. मामांनी मला एक गोष्ट ठासून सांगितली. त्यांच्या डेपोत ज्याचे डिझेल कमी लागे, त्याचे अपघातही कमी असत. असे का, हे नंतर सांगतो. आधी अंधार आणि ऊस.

प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आपल्या जिल्ह्याचा चेहरामोहरा बदलला. त्याबरोबर दरवर्षी गळिताच्या हंगामात रस्त्यावर टायरगाड्या, एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रांग लागू लागली. या वाहनांची गंमत अशी की दिवसा ती डोंगराएवढी दिसतात आणि रात्री दिसतच नाहीत. उसाचा रंग अंधारात मिसळतो. ट्रॉलीचे मागचे दिवे बहुधा वाढ्यांखाली झाकलेले, नाही तर तुटलेले. शिवाय टायरगाडी चालते माणसाच्या चालीने. तुमच्या ७५ पुढे तिचा वेग नसल्यासारखाच. म्हणून हंगामात रात्री या रस्त्यांवर पन्नास-पंचावन्नच्या वर जाऊ नका. समोरून कोणी फुल लाईट मारत आला तर त्याच्या दिव्यांकडे पाहू नका. नजर डावीकडे, रस्त्याच्या पांढऱ्या कडेवर ठेवा आणि पाय उचला. रागाने आपणही फुल लाईट टाकू नये. दोन आंधळे समोरासमोर आले तर रस्ता कोणालाच दिसत नाही. आणखी एक साधी गोष्ट, पुढची काच आतूनही पुसा. उन्हाळाभर बसलेला धुरळा दिवसा कळत नाही, रात्री समोरचा दिवा पडला की सगळी काच दुधाळ होते.

पण मंडळी, नुसते मोटारवाल्याला सांगून भागायचे नाही. कारण ऊस आपला, ट्रॉली आपली, ट्रॅक्टरवर बसलेला पोरगाही आपलाच. आपल्यातला जो आज मोटारीत बसून ट्रॉलीवाल्याला शिव्या देतो, तोच उद्या रात्री बिनदिव्याची ट्रॉली घेऊन काट्यावर जातो. चमकणारी पट्टी मिळते, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. एका ट्रॉलीला लागणारी पट्टी एका वेळच्या डिझेलपेक्षा महाग नसते. पट्टी ट्रॉलीच्या फळीवर अशी लावा की वर ऊस भरला, वाढे लोंबले, तरी ती झाकणार नाही. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, नाही तर चिखलाखाली ती असून नसल्यासारखी.

दगडांची गोष्ट तर मला लिहितानाही चीड आणते. एक्सल तुटतो, टायर बसतो, ट्रॉली भर रस्त्यात उभी राहते. चाकांना दगड लावतात. मागे-पुढे इशारा म्हणून आणखी दगड मांडतात. काम झाले की ट्रॅक्टर निघून जातो आणि दगड तिथेच! मग रात्री एखादा मोटारसायकलवाला, डोक्याला हेल्मेट नाही, मागे बायको बसलेली, त्या दगडावर जातो. दगड उचलायला अर्धा मिनिट लागतो. बंद पडलेले वाहन होता होईल तो साइडपट्टीच्या पलीकडे ढकला. नाहीच हलले तर मागे चांगले पन्नास-साठ पावलांवर कोणाला तरी बॅटरी घेऊन उभे करा, आणि तो माणूस डांबरीवर नव्हे, कडेला उभा करा.

थंडीत पाटपाण्याच्या भागात पहाटे धुके उतरते. धुक्यात फुल लाईट टाकला तर उजेड धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून डिपरच ठेवावा. बरेच जण चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी हाकतात. तसे करू नये. मागच्याला आपण उभे आहोत की चाललो आहोत, वळणार की नाही, काही कळत नाही. हिशेब इथेही तोच. वीस मीटर दिसत असेल तर वीस मीटरात थांबेल एवढाच वेग. हा वेग बैलगाडीचा निघाला तर निघू द्या, किंवा चहाच्या टपरीवर थांबून सूर्य वर येऊ द्या.

पावसाचे म्हणाल तर सर्वांत घसरडा दिवस असतो तो पहिल्या पावसाचा. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, धूळ, टायरचा कीस हे सारे पहिल्या सरीने लोण्यासारखे वर येते. दुसरी जागा म्हणजे शेतातून डांबरीवर येणारा फाटा. आपली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून रस्त्यावर येते आणि तिच्यावर पाणी पडले की ब्रेक दाबणे म्हणजे साबणावर पाय ठेवणे. ओल्या रस्त्यात थांबायचे अंतर दीडपट ते दुप्पट होते असे समजून चाला. टायरची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरच्या आत आली असेल तर कायद्यानेही ते टायर बाद आहे आणि पाण्यावर तर ते तरंगतेच. २०१९ पासून नव्या गाड्यांना ए.बी.एस. ब्रेक सक्तीचे झाले. अशा गाडीत संकटात ब्रेक एकदम, पूर्ण जोराने दाबून धरावा. पायाखाली थरथर होईल, घाबरू नये, पाय सोडू नये. जुन्या गाडीत मात्र तसा दाबला तर चाके अडकून गाडी घसरत जाते, तिथे दाबायचा, सैल करायचा, पुन्हा दाबायचा. जुनी गाडी घेतली असेल तर तिच्यात कोणते ब्रेक आहेत ते आजच मेस्त्रीला विचारून ठेवा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पलीकडचा कठडा दिसतो, पुढचा जीपवाला गेलेला दिसतो, पण पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली हे कोणालाच दिसत नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला तिच्या जागेवरून हलवू शकते, दोन फुटांत ती वाहतच जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला आणि दोन एस.टी. गाड्या व आणखी वाहने माणसांसकट नदीत गेली. त्या ड्रायव्हरांना दोष देता येत नाही, अंधारात पूल नाही हे कोणाला कळणार? पण फरशीवर पाणी आपल्याला दिसत असते आणि तरी आपण घालतो, ही गोष्ट वेगळी. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका. आत पाणी शिरले असेल तर इंजिनाची दांडी वाकते आणि खर्चाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. उतरा, माणसे काढा, गाडी नंतर.

आता घाट. नगरहून कोठेही निघा, घाट चुकत नाही. संभाजीनगरकडे इमामपूर, पाथर्डीकडे करंजी, कल्याणकडे माळशेज. घाटात आपल्या लोकांची एक हौस असते. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, कोणी कोणी तर किल्ली फिरवून इंजिनच बंद करतात आणि वर सांगतात, "फुकटात खाली आलो!" मामांनी हे ऐकले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

फुकट काही नसते. आजकालच्या गाड्यांत पेट्रोल-डिझेल सोडण्याचे काम संगणकावर चालते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधन जवळजवळ बंद होते. उलट न्यूट्रल केले की इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी इंधन पिऊ लागते. म्हणजे ज्याला काटकसर समजतो तो खर्च आहे. आणि धोका वेगळाच. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पायाखाली ब्रेक मऊ लागतो, गाडी धरत नाही. इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, स्टिअरिंग दगडासारखे जड होते आणि किल्ली चुकून आणखी मागे फिरली तर ते जागच्या जागी अडकते. करंजीच्या वळणावर स्टिअरिंग अडकले तर काय होईल, हे तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. जुना नियम सोपा आहे, ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे. अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे.

मघाशी डिझेलची गोष्ट राहिली होती. मामांच्या डेपोतल्या त्या ड्रायव्हरांचे डिझेल कमी का लागे? कारण त्यांची नजर लांब असे. पुढच्या फाट्यावर शेळ्या दिसल्या, गतिरोधक दिसला, शाळा सुटलेली दिसली, की ते दोनशे मीटर आधीच पाय उचलत. गाडी आपली आपण हळू होई. ब्रेक लागतच नसे. जो जवळ पाहतो तो शेवटपर्यंत रेस देतो आणि मग करकचून ब्रेक दाबतो. ब्रेक दाबणे म्हणजे आधी जाळलेले डिझेल ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता करून वाऱ्यावर सोडणे. लांब पाहणाऱ्याला धोकाही आधी दिसतो आणि डिझेलही वाचते. दोन वेगळ्या विद्या नाहीत या.

इंधन वाचवण्यासाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. रोज एवढ्याच वेगाने जा असे मी म्हणत नाही, पण ऐंशीच्या पुढे वाराच गाडीला मागे रेटतो आणि तो रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो एवढे लक्षात असू द्या. सावेडी ते शिर्डी साधारण ऐंशी किलोमीटर. कागदावर ८० ने तासात आणि ६० ने तास-वीस मिनिटांत. प्रत्यक्षात राहुरीची गर्दी, कोल्हारचा पूल, खड्डे आणि ट्रॉल्या यांतून ही वीस मिनिटे आठ-दहावर येतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे. दर्शनाच्या रांगेत त्याहून जास्त वेळ जातो.

टायरमध्ये हवा किती हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील कागदावर छापलेले असते. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. कमी हवेचे टायर जास्त इंधन खाते आणि उन्हाळ्यात तापून फुटते. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून तो पुरा झाला. कोपरगावाजवळ त्यावर चढलेली आपली मंडळी मोटारीला मुभा असलेल्या १२० च्या वेगाने विदर्भात सोयरिकीला जातात. ज्या टायरवर गावचा रस्ता ४० ने निभावला, ते टायर तासन्‌तास १२० ला निभावेलच असे नाही. आणि त्या सरळ रस्त्याची झोपही निराळी. डोळे उघडे असतात आणि माणूस आत झोपलेला असतो. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर, या वेळा वाईट. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बस उलटून पेटली, २५ माणसे गेली. डुलकी येते असे वाटले तर तोंडावर पाणी मारून आणि गाणी लावून भागत नाही. गाडी सुरक्षित जागी लावा, वीस मिनिटे झोपा. मागे बसलेल्या माउलींनी तरी हे बोलावे. "अहो, थांबा जरा," एवढे म्हणायला ड्रायव्हिंग यावे लागत नाही.

मागच्या सीटवरून आठवले, तिथे बेल्ट कोण लावते? पुढचेसुद्धा पोलीस दिसला की खांद्यावरून ओढून धरतात! ताशी ५० ने गाडी झाडावर आदळली तर आतल्या माणसाला बसणारा मार हा सुमारे ३२ फुटांवरून खाली पडल्याएवढा असतो. म्हणजे पाच-सहा परस कोरड्या विहिरीत. त्या वेळी मांडीवरचे मूल हातात धरून ठेवीन असे कोणत्याही आईने म्हणू नये, कोणाच्याच हातात तेवढे बळ नसते. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गेले ते मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ गेले, तेही मागेच बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. गाड्या दोघांच्याही आपल्यापेक्षा चांगल्याच होत्या. मागच्या सीटवर कांद्याची गोणी, दुधाची किटली, पाण्याची मोटर सुटी टाकू नका. माझ्या खांद्याला लाडवांचा डबा लागला, त्याजागी किटली असती तर आज मामांनाच हा लेख लिहावा लागला असता.

आठवीतल्या ट्रॅक्टरवाल्याविषयी एक शब्द. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी जाते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत लायसन मिळत नाही. पण कायद्याचे सोडा. ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या वेगाने चालतो, चूक झाली तर सावरायला वेळ देतो. मोटार तेवढा वेळ देत नाही. शिकवायचेच तर घरात अठरा पूर्ण झालेल्या सगळ्यांना रीतसर शिकवा, सुनेलाही, लेकीलाही. अडल्या रात्री दवाखान्यात न्यायला गाडी दारात आहे आणि चालवणारा एकटाच, तोही परगावी, अशी घरे मी पाहिली आहेत.

वाटेत कोणाचा अपघात दिसला तर १०८ ला फोन करा आणि थांबा. मदत करणाऱ्याला साक्षीसाठी किंवा नाव सांगण्यासाठी अडकवून ठेवता येणार नाही, अशी तरतूद आता कायद्यातच झाली आहे.

त्या जानेवारीनंतर मी मार्केट यार्डाजवळून चमकत्या पट्टीची दोन भेंडोळी घेतली आणि रविवारी बहिणीकडे गेलो. भाचा ट्रॉली धुवत होता. "मामा, आपल्या ट्रॉलीला दिवे आहेत की," तो म्हणाला. मी त्याला मागे नेऊन दाखवले, एक काच फुटलेली, दुसरीत पाणी साठलेले. मग दोघांनी मिळून फळी घासली, पट्टी लावली. अर्धे भेंडोळे उरले. तो म्हणाला, "राहू द्या पुढच्या सालाला." बहीण ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिने मान वर न करता सांगितले, "ओढ्यापलीकडं ऊसतोडीची टोळी उतरलीय, बारा-पंधरा गाड्या आहेत. तिकडं जा घेऊन."

पट्टी नवव्या गाडीपर्यंत पुरली. उरलेल्यांसाठी भाचा दुसऱ्या दिवशी राहुरीला जाऊन आला.